वेदनेची वाट अडवताना

दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत एक बारीक सुई टोचतात. पाच-सात मिनिटांत ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, गाल आपला नसून दुसऱ्या कुणाचा असावा असे वाटू लागते. मग चिमट्याने दाढ हलवली तरी ओढ तेवढी कळते. कळ मात्र येत नाही. आणि गंमत अशी, की या साऱ्या वेळात तुम्ही पूर्ण जागे असता. दंतवैद्य काय बोलतात ते ऐकू येते, भिंतीवरचे घड्याळ दिसते, घरी जाऊन काय खायचे याचा विचारही करता येतो. म्हणजे औषधाने तुमच्या मेंदूला झोपवलेले नाही. मग त्याने केले तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले, की आजच्या शस्त्रक्रियेतली एक मोठी गोष्ट समजते. शस्त्रक्रिया चालू असताना दुखू न देणे ही झाली अर्धी लढाई. भूल उतरल्यावर पुढचे दोन-तीन दिवस जे दुखते, त्याचे काय करायचे, ही उरलेली अर्धी. या उरलेल्या अर्ध्या लढाईत हिरडीतल्या त्या सुईचीच भावंडे उपयोगी पडतात.

ठेच लागते तेव्हा

आधी वेदना कशी प्रवास करते ते पाहू. अनवाणी चालताना ठेच लागली, की काय होते ते आठवा. प्रथम एक तीक्ष्ण चमक येते आणि पाय आपोआप मागे घेतला जातो. त्यानंतर थोड्या वेळाने खोल, ठणकणारी कळ येते आणि ती रेंगाळते. दुखणे एकच, पण ते दोन हप्त्यांत का येते?

कारण वेदनेचा संदेश नेणारे चेतातंतू दोन प्रकारचे आहेत. काहींवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टन असते. त्यांच्यातून संदेश सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने जातो. दुसरे तंतू त्याहून बारीक आणि वेष्टन नसलेले. त्यांचा वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरा आणि दोन्ही वेळा काढून पहा. एक संदेश डोळ्याचे पाते लवते तोच पोचतो. दुसऱ्याला सेकंदभर किंवा अधिकही लागतो.

हे तंतू कण्याच्या आतल्या मेरुरज्जूत शिरतात. तेथे संदेश दुसऱ्या चेतापेशीच्या हवाली केला जातो आणि ती तो मेंदूकडे पाठवते. मेंदूत पोचल्यावरच आपल्याला ‘दुखते’ असे वाटते. म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत एक लांबलचक वाट आहे. संपूर्ण भूल देताना वाटेच्या शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे मेंदूला, बेशुद्ध करतात. स्थानिक आणि प्रादेशिक भूल देताना मात्र वाटच मध्ये कोठेतरी अडवतात.

दाराला आतून कडी

चेतातंतूतला संदेश म्हणजे तारेतून वाहणारी वीज नव्हे. तंतूच्या पटलाच्या आतल्या बाजूला बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण विद्युतदाब असतो. पटलात सोडियम आयनांसाठी खास दारे असतात. संदेश आला, की ही दारे उघडतात, बाहेरचे सोडियम आयन आत घुसतात आणि त्या जागेचा विद्युतदाब पालटतो. या बदलाने शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. उभ्या केलेल्या विटांची रांग एकीच्या धक्क्याने दुसरी अशी पडत जावी, तसा संदेश पुढे सरकतो.

रांगेतल्या सलग काही विटा कोणी घट्ट धरून ठेवल्या तर? धक्का तेथेच थांबेल. बधिर करणारे औषध नेमके हेच करते. ते सोडियमची दारे उघडू देत नाही. पण त्याची कडी लावायची जागा दाराच्या आतल्या बाजूला आहे! औषध तर सुईने तंतूच्या बाहेर सोडलेले. मग ते आत कसे जाते?

येथे रसायनशास्त्र मदतीला येते. या औषधाचे रेणू दोन रूपांत असतात: काही विद्युतभाररहित, काही धनभारित. भाररहित रेणू स्निग्ध पटलातून सहज आत जातात. आत गेल्यावर त्यांतले काही हायड्रोजन आयन घेऊन धनभारित होतात आणि कडी लावतात. एका रूपाने घरात शिरायचे आणि दुसऱ्या रूपाने कडी घालायची, असा हा प्रकार आहे.

यावरून डॉक्टरांच्या नेहमीच्या एका अनुभवाचा उलगडा होतो. पू झालेल्या जागी हे औषध नीट लागू पडत नाही. पू झालेल्या ऊतींत आम्लता वाढलेली असते, म्हणजे हायड्रोजन आयन अधिक असतात. त्यामुळे बरेचसे रेणू तंतूच्या बाहेरच धनभारित होतात आणि पटल ओलांडू शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वेदनेचे आणि थंडीचे संदेश नेणारे बारीक तंतू सामान्यतः लवकर बंद पडतात; स्पर्श, दाब आणि स्नायूंची हालचाल यांचे जाड तंतू उशिरा. म्हणूनच दाढ काढताना ओढ कळते आणि कळ येत नाही. म्हणूनच भूल कोठवर चढली हे पाहताना भूलतज्ज्ञ बर्फाचा तुकडा किंवा स्पिरिटचा बोळा अंगाला लावून विचारतात, “गार लागते का?” जेथे गार लागत नाही, तेथे दुखणेही बहुधा कळत नाही.

व्हिएन्नातला डोळा, कीलमधला हातोडा

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू, बोलिव्हिया या प्रदेशांत कोका नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची प्रथा फार जुनी आहे. १८६० च्या सुमारास जर्मनीतील आल्बर्ट नीमान यांनी त्या पानांतून कोकेन वेगळे काढले. ते जिभेला लावल्यास जीभ बधिर होते, हे त्यांनी नोंदवलेही. पण शस्त्रक्रियेसाठी त्याचा उपयोग बरीच वर्षे रूढ झाला नाही.

तो रूढ झाला १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांमुळे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रोग्याने डोळा स्थिर ठेवणे आवश्यक असते आणि दुखत असताना ते कोणालाच जमत नाही. कोलर यांनी कोकेनचे थेंब प्रथम बेडूक आणि इतर प्राण्यांच्या डोळ्यांत घातले, मग स्वतःच्या. टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला तरी काही कळेना! सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्चाला पैसे नसल्याने कोलर स्वतः जाऊ शकले नाहीत. त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवला.

त्यानंतर अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी कोकेन थेट चेतांजवळ टोचून त्या चेतेचा सारा प्रदेश बधिर करता येतो हे दाखवले. पण त्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि कोकेनचे व्यसन त्यांना जडले. हॉल्स्टेड पुढे मोठे शल्यविशारद म्हणून गाजले, तरी व्यसनाशी त्यांचा झगडा संपला नाही. नव्या औषधाचे गुण आणि दोष एकाच वेळी कळत नाहीत, ही गोष्ट विज्ञानाला अशी महागात पडून शिकावी लागली.

१८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी कोकेन पाठीच्या कण्यात, मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. त्याच महिन्यात त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करायचे ठरवले. बिअर यांच्यावरचा प्रयोग फसला, कारण पिचकारी सुईला नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. हिल्डेब्रांट यांच्यावरचा मात्र यशस्वी झाला. त्यांच्या नडगीवर हातोडा मारला, पायाला पेटती सिगार टेकवली, तरी त्यांना दुखले नाही. भूल उतरल्यावर नडगी चांगलीच दुखली असणार. बिअर यांना नंतर कित्येक दिवस डोकेदुखी झाली. उभे राहिले की ती वाढे आणि आडवे झाले की थांबे. द्रव गळून गेल्याने असे झाले असावे, हा त्यांचा तर्क बरोबर होता. आज सुया अतिशय बारीक व विशिष्ट टोकाच्या असतात, त्यामुळे अशी डोकेदुखी पुष्कळ कमी झाली आहे.

कोकेनची जागा पुढे कमी घातक औषधांनी घेतली: १९०४-०५ च्या सुमारास प्रोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये बनलेले लिग्नोकेन आणि १९५७ साली तेथेच बनलेले ब्युपिव्हाकेन. या नावांच्या शेवटी येणारे ‘केन’ ही मूळ कोकेनचीच आठवण. लिग्नोकेनचा परिणाम लवकर सुरू होतो आणि साधारण एक-दोन तास टिकतो. ब्युपिव्हाकेनला सुरू व्हायला वेळ लागतो. पण मोठ्या चेतेजवळ दिल्यास ते आठ-बारा तास, कधी त्याहूनही अधिक काम करते.

दुखणे सोसावे की घालवावे?

“ऑपरेशन म्हटले की दुखायचेच, थोडे सोसावे,” असे वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचा धीर कौतुकास्पद आहे. पण हा सल्ला मात्र बरोबर नाही. का, ते पहा.

पोटाच्या वरच्या भागात शस्त्रक्रिया झालेला रोगी दुखू नये म्हणून उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. फुप्फुसांच्या तळाच्या भागात हवा नीट पोचत नाही, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. हालचाल केली की दुखते म्हणून तो अंथरुणात पडून राहतो. मग पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. वेदनेमुळे नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. हृदय अशक्त असेल तर हा भार त्याला पेलत नाही. झोप येत नाही ती वेगळीच.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की दुखापतीनंतर वेदनेच्या संदेशांचा मारा होत राहिल्यास मेरुरज्जूतल्या चेतापेशी अधिक संवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही दुखू लागतो. काही रोग्यांत जखम भरल्यावरही महिनोन्‌महिने दुखणे राहते, त्यामागे हे एक कारण असते. तेव्हा वेदनेवर वेळेवर उपाय करणे हे लाड नव्हेत. तो उपचाराचाच भाग आहे.

मॉर्फिनसारखी औषधे शिरेतून दिली तर वेदना कमी होते, पण झोपाळूपणा, मळमळ, बद्धकोष्ठता येते आणि मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो. वाटच अडवली तर ही औषधे कमी लागतात. ही वाट कोठे कोठे अडवता येते ते आता पाहू.

चार नाकी

पहिले नाके जखमेपाशीच. शस्त्रक्रिया संपवून टाके घालताना सर्जन जखमेच्या कडांत औषध टोचतात. ही सर्वांत सोपी रीत. हर्नियासारख्या लहान शस्त्रक्रियेनंतर पहिले काही तास तिने बरेच सुसह्य होतात.

दुसरे नाके चेतेपाशी. हाताकडे जाणाऱ्या साऱ्या चेता मानेतून निघालेल्या पाच मुळांच्या जाळ्यातून येतात. मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ या जाळ्याभोवती औषध सोडले, की खांदा किंवा हात बधिर होतो. पूर्वी ही जागा हाडांच्या खुणांवरून, अंदाजाने शोधावी लागे. १९९० नंतरच्या दशकात श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे सोनोग्राफीची, मदत घेणे सुरू झाले. आता पडद्यावर चेता, रक्तवाहिनी आणि सुईचे टोक एकाच वेळी दिसते. पोटाच्या भिंतीतल्या दोन स्नायूंच्या थरांमध्ये औषध पसरवण्याची रीत २००१ साली पुढे आली, तीही अशीच सोपी झाली.

येथे एक पेच आहे. गुडघा बदलल्यानंतर रोग्याने लवकरात लवकर चालावे असे डॉक्टरांना वाटते. जांघेतली मोठी चेता बधिर केली तर गुडघा दुखत नाही. पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडतो आणि रोगी उभा राहिला की पडण्याची भीती. म्हणून अलीकडे औषध मांडीच्या मध्यावर खाली देतात. तेथपर्यंत येताना स्नायूंच्या बहुतेक शाखा वरच फुटून गेलेल्या असतात. उरते ती मुख्यतः संवेदना नेणारी शाखा. एका विताच्या फरकाने काम केवढे बदलते पहा!

तिसरे नाके मेरुरज्जूच्या बाहेरच्या आवरणाबाहेर. या पोकळीत केसांच्या पिनेइतकी जाड, मऊ नळी ठेवून तीतून औषध थेंबाथेंबाने दोन-तीन दिवस देता येते. याला एपिड्यूरल म्हणतात. स्पेनमधील फिडेल पागेस यांनी १९२१ साली कमरेतून दिलेल्या अशा भुलेची माहिती प्रसिद्ध केली. पोकळी सापडली हे ओळखण्याची युक्ती मोठी छान आहे. सुईला जोडलेल्या पिचकारीचा दट्ट्या हलकेच दाबत सुई पुढे न्यायची. दाट बंधातून जाताना दट्ट्या हलत नाही. पोकळीत टोक शिरताच तो एकदम सैल पडतो. छातीच्या किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर या नळीतून सौम्य औषध दिले, की वेदनेचे तंतू बंद राहतात आणि पाय बहुधा हलवता येतात. रोगी खोकू शकतो, बसू शकतो.

चौथे नाके मेरुद्रवात, म्हणजे बिअर यांच्या जागी. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणून सुई त्याच्या खाली टोचतात. तेथे द्रवात नुसते तंतू तरंगत असतात. दोन-तीन मिलिलिटर औषधाने कमरेखालचा भाग दोन-तीन तास बधिर होतो. सिझेरियन शस्त्रक्रियेत हीच रीत सर्रास वापरतात. त्यातच ०.१ मिलिग्रॅम मॉर्फिन मिसळले, तर वेदना जवळजवळ दिवसभर आटोक्यात राहते. स्नायूत टोचायची नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम, म्हणजे याच्या शंभरपट! मात्र अशा रोग्याच्या श्वासावर पुढे बराच वेळ लक्ष ठेवावे लागते आणि अंगाला खाजही सुटू शकते.

करून पहा

मेरुद्रवात सोडलेले औषध नेमके कोठे जाईल? भूलतज्ज्ञ यासाठी घनतेचा उपयोग करतात. तुम्हीही करून पहा. काचेच्या पेल्यात साधे पाणी घ्या. वाटीभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून शाईचे काही थेंब टाका. ड्रॉपरने हे पाणी पेल्याच्या मध्यावर हळूच सोडा. ते तळाशी जाऊन बसेल. आता साखर न घातलेले शाईचे पाणी दुसऱ्या पेल्यात तसेच सोडा. ते मध्येच रेंगाळेल आणि इकडेतिकडे पसरेल.

मेरुद्रवासाठीच्या ‘जड’ ब्युपिव्हाकेनमध्ये ८ टक्के ग्लुकोज असते. रोग्याला बसवून औषध दिले आणि काही वेळ बसूनच ठेवले, तर ते तळाशी उतरून बैठकीचा भाग तेवढा बधिर करते. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेला एवढे पुरते. लगेच उताणे निजवले, तर कमरेच्या बाकावरून ते छातीच्या मागच्या खोलगट भागाकडे सरकते आणि भूल वर चढते. घनतेचा धडा असा शस्त्रक्रियागृहातही उपयोगी पडतो.

धोके आणि गैरसमज

हे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा मात्रा जास्त झाली, तर ते मेंदूच्या आणि हृदयाच्या पेशींतली सोडियमची दारेही बंद करते. तोंडाभोवती मुंग्या, कानांत आवाज, मग झटके आणि शेवटी हृदय बंद पडणे असा क्रम असू शकतो. म्हणून मात्रा वजनावरून काढतात, औषध थोडे थोडे देतात आणि दरवेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहतात. या विषबाधेवर शिरेतून स्निग्ध पदार्थाचे दुधाळ मिश्रण देतात. उंदरांवरचे त्याचे प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली माणसाचा जीव वाचल्याची पहिली नोंद झाली. पाठीतल्या भुलेने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाबही उतरतो. म्हणून तो सतत मोजतात. ज्याला रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग आहे, त्याच्या पाठीत सामान्यतः सुई टोचत नाहीत.

“सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिले, तेव्हापासून कंबर दुखते,” ही तक्रार तुम्ही घरी-दारी ऐकली असेल. सुईची जागा काही दिवस हुळहुळते, हे खरे. पण प्रसूतीच्या वेळी पाठीत औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली, तेव्हा दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. गरोदरपणात सैल झालेले बंध, वाढलेले वजन, ढिले पडलेले पोटाचे स्नायू आणि नंतर वाकून बाळ उचलणे ही कारणे अधिक खरी आहेत. ‘त्यानंतर झाले’ म्हणजे ‘त्यामुळे झाले’ असे नव्हे, हे विज्ञानाचे पहिले पथ्य येथेही पाळायला हवे. अर्थात आईची कंबर दुखते हे खोटे नाही. सुईला दोष देऊन स्वस्थ न बसता तिला व्यायाम आणि विश्रांती मिळेल असे पाहावे.

घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली, तर तुम्हालाही काही करता येईल. बधिर असलेल्या हातापायाला गरम पाण्याची पिशवी लावू देऊ नका; भाजले तरी रोग्याला कळणार नाही. पाय बधिर असताना त्याला एकट्याने उठू देऊ नका. औषधाचा असर बहुधा रात्रीबेरात्री एकदम उतरतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या दुखू लागण्याची वाट न पाहता वेळेवर द्या. आजी-आजोबा “काही नाही रे, बरे आहे” असे म्हणतात, तेव्हा “खोकताना दुखते का? कूस वळता येते का?” असे विचारा. उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. आणि औषध चालू असूनही दुखणे एकाएकी वाढले किंवा बधिरपणा ठरल्या वेळी उतरला नाही, तर लगेच डॉक्टरांना कळवा. वेदना हा निरोप आहे. तो अडवायचा खरा, पण त्यात काय लिहिले आहे ते वाचूनच.

सोडवून पहा

१. लिग्नोकेनच्या २ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध असते? शरीराच्या दर किलोग्रॅमला ४.५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरल्यास ५० किलोग्रॅम वजनाच्या रोग्याला जास्तीत जास्त किती मिलिलिटर देता येईल?

२. अ‍ॅड्रेनॅलिन मिसळल्यास हीच मर्यादा ७ मिलिग्रॅम धरतात. अ‍ॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, एवढे ध्यानात घेऊन कारण सांगा.

३. भुलेची पातळी पाहण्यासाठी नुसता बोटाचा स्पर्श न करता बर्फ का वापरतात?

उत्तरे: १. २० मिलिग्रॅम, २२५ मिलिग्रॅम म्हणजे ११.२५ मिलिलिटर. २. आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे औषध रक्तात सावकाश मिसळते, म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण एकदम वाढत नाही. शिवाय ते जागेवर अधिक वेळ टिकते. ३. थंडीचे व वेदनेचे तंतू सारखेच बारीक असून जवळपास बरोबरच बंद पडतात. स्पर्शाचे तंतू त्या वेळी चालू असू शकतात.